काच भरलेली होती

१

त्या सकाळी थोरली, दोन वाफेच्या इंजिनांतलं मोठं, शिट्टी न घालताच घाटमाथ्यावरून खाली आली, आणि स्टेशनची मास्तरीण कचेरीतून बाहेर पडली.

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. धुकं इतकं दाट होतं की फलाटावर उभं राहून समोरचा रूळसुद्धा दिसत नव्हता. आधी नुसता आवाज आला. शेकडो किटल्या एकाच वेळी उकळून फुटाव्यात तसा. मग पांढऱ्यात आणखी पांढरं काहीतरी सरकत आलं आणि ब्रेक करकरले. इंजिनच्या केबिनमधून वाफेचा लोट बाहेर पडत होता, आणि वाफ तिथून कधीच बाहेर पडायची नसते.

ती धावली. तिचे बाबा ब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभे होते. त्यांच्या पायाशी फायरमन पडला होता. आठच दिवसांपूर्वी कामाला लागलेला, हसरा, जाडजूड. आता त्याचं अर्धं तोंड लालभडक झालं होतं आणि डोळे मिटलेले होते.

त्याला फलाटावर घेतलं तेव्हा त्याने चाचपडत तिचा हात धरला.

"ताई, काच भरलेली होती. देवाशप्पथ. शेवटपर्यंत भरलेली होती."

काय घडलं ते सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती. बॉयलरमधलं पाणी भट्टीच्या छतावर सतत असावं लागतं. ते उतरलं की छत उघडं पडतं, तापतं, आणि छतात बसवलेलं शिशाचं बूच वितळतं. मग वाफ खाली भट्टीत घुसून आग विझवते. त्या क्षणी भट्टीचं दार उघडं असेल तर समोर कोळसा टाकणारा माणूस भाजतो. बूच वितळलं नाही तर याहून वाईट होतं. तेव्हा बॉयलरच फुटतो.

म्हणजे बॉयलर कोरडा पडला होता. आणि बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे दाखवणारी काच भरलेली होती.

"म्हाताऱ्याने बॉयलर कोरडा चालवला," फिटर म्हणाला. तो मागच्या डब्यातून उडी मारून आला होता. जुन्या वाफेच्या गाड्या हौसेने चालवणाऱ्या या मंडळींत पगारी माणसं चारच. हा त्यातला एक, आणि तोंडाचा फटकळ. "वर्षभर सांगतोय, त्यांना घरी बसवा म्हणून. पण ऐकतो कोण! सगळ्यांचे लाडके ना!"

फायरमनला जीपमध्ये घालून फिटर खालच्या गावच्या दवाखान्याकडे निघाला. जाताना ओरडला, "शेडमधून धाकटीला घेऊन येतो. वाफेवरच आहे ती. तोवर लोकांना सांभाळ."

फलाटावर बेचाळीस उतारू एकमेकांना चिकटून उभे होते. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

२

बाबा प्रतीक्षालयात बाकावर बसले होते. चाळीस वर्षं इंजिन हाकलेला माणूस. आज त्यांचे हात मांडीवर ठेवले तरी हलत होते.

"बाबा, मला नीट सांगा. खालून निघताना काच तपासली होती?"

"तोटी उघडून तपासली. पाणी खळखळून आलं. अर्ध्याच्या वर होतं."

"आणि चढावर?"

"चढावर भरली. चढावर भरतेच. आज एक डबा जास्तीचा होता, इंजिन दमत होतं. पण काच भरलेली होती, म्हणून पोराला म्हटलं, आता पाणी घालू नकोस, वाफेचा जोर पडेल. माथा ओलांडला तरी भरलेलीच."

"रेघा पाहिल्या?"

बाबांनी मान वर केली नाही. "पाहिल्या."

त्या रेघांची गंमत तिला बाबांनीच शिकवली होती, ती सात वर्षांची असताना. काचेची नळी पूर्ण भरलेली असो की पूर्ण रिकामी, नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसते. पाण्याला काही रंग नसतो. म्हणून नळीच्या मागे एक पत्र्याची पट्टी असते, काळ्या-पांढऱ्या तिरक्या रेघांची. पाणी भरलेली नळी भिंगासारखी वागते आणि तिच्यातून रेघांचा तिरकेपणा उलटा दिसतो. पाणी नसेल तर रेघा आहेत तशाच दिसतात. तेव्हा तिला ती जादू वाटली होती.

"उलट्या होत्या का?" तिने विचारलं.

दारात कप किणकिणले. चकाकीकाका चहाचा ट्रे घेऊन उभे होते. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ रोज येऊन इथलं पितळ घासत, पाट्या रंगवत. त्यांच्यामुळे स्टेशनातली घंटासुद्धा आरशासारखी झाली होती.

"रेघा उलट्या कशा होतील?" काकांनी विचारलं. आवाज कसनुसा होता.

"पाण्यातून उलट्या दिसतात, काका. त्यासाठीच असतात त्या."

ट्रे बाकावर ठेवून काका निघून गेले. चहा कुणालाच दिला नाही.

"होत्या," बाबा म्हणाले. "उलट्या होत्या. नेहमीसारख्या." मग थोड्या वेळाने, "तुला वाटतंय मी थापा मारतोय?"

तेवढ्यात कचेरीतला फोन वाजला. बॉयलर तपासनीस होते. दोन वाजता पोचतो म्हणाले. तोवर इंजिनाला कुणी हात लावायचा नाही. आणि ड्रायव्हरचं वय काय, त्यांनी विचारलं. चूक कुणाची हे त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. बाबांच्या नावावर एका पोराचा भाजलेला चेहरा कायमचा लिहिला जाणार होता.

नऊ-दहा मिनिटं ती फोनवर होती. फोन ठेवून थेट इंजिनाकडे गेली. केबिन ओलीचिंब होती आणि कोमट वास मारत होती. पाणी दाखवणाऱ्या काचा तिथे दोन होत्या; दोन्हींपुढे तिने वाकून पाहिलं.

काचा शाबूत होत्या. त्यांच्या मागच्या रेघांच्या पट्ट्या मात्र गायब होत्या.

३

तिचा पहिला संशय गेला तो फिटरवर. बाबांना घालवायचं त्याच्या मनात होतंच. वाफ ओसरल्यावर केबिनमध्ये आधी तोच चढला होता.

दुसरा विचार आला तो तिला नकोसा वाटला. बाबा. ती फोनवर असताना ते एकटे होते. पट्ट्या तिथे नसल्या तर रेघा कशा दिसत होत्या हे कोण सिद्ध करणार?

तिने स्वतःला दम दिला. आधी दिसतंय ते बघ, मग घाबर.

तिला दोन गोष्टी ठाऊक होत्या. फायरमन म्हणाला काच भरलेली होती, आणि बाबाही तेच म्हणाले. दोघांना आपसात ठरवायला वेळच मिळाला नव्हता. म्हणजे दोघांनी खरोखर तेच पाहिलं होतं. तरी बॉयलर कोरडा होता. मग भरलेल्या काचेसारखी दिसणारी दुसरी गोष्ट जगात एकच आहे. रिकामी काच.

आणि भरलेल्या-रिकाम्यातला फरक दाखवणारी एकमेव गोष्ट कुणीतरी काढून नेली होती. का? ती पट्टी काहीतरी सांगत होती म्हणून.

ती पुन्हा वाकली. प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू. पट्ट्या नेणाऱ्याने स्क्रू फेकले नव्हते, खिशातही घातले नव्हते. चारही स्क्रू आपापल्या भोकात परत फिरवून ठेवले होते. तिने बोट लावलं. बोटानेच फिरतील इतके सैल. पण चारही स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा अगदी उभ्या, एका ओळीत होत्या.

तिने बोट मागे घेतलं.

फिटरने खोललेल्या कुठल्याही वस्तूतून दोन स्क्रू उरतात, अशी सगळी त्याची थट्टा करायची. बाबांचे हात तर आज मांडीवरही स्थिर राहत नव्हते. घाईत, भीतीत, चोरी करतानासुद्धा स्क्रूच्या खाचा सरळ ठेवणारा माणूस इथे एकच होता. फलाटावरच्या पाटीचे आठ स्क्रू, तिकीटखिडकीचे सहा, घंटेच्या पट्टीचे चार, सगळ्यांच्या खाचा उभ्या. "डोळ्याला बरं दिसतं गं," ते म्हणायचे.

आणखी एक गोष्ट. रेघा कशासाठी असतात हे त्या माणसाला आजच, थोड्या वेळापूर्वी कळलं होतं. ट्रे हातात असताना.

४

चकाकीकाका सामानाच्या खोलीत होते. उजवा हात पाण्याच्या बादलीत बुडवून बसले होते.

"भाजलं?" तिने विचारलं.

"किटलीचा चटका."

"काका, किटली तुम्ही डाव्या हाताने धरता. पट्ट्या कुठे आहेत?"

ते मोठ्याने हसायला गेले आणि हसू मध्येच फाटलं. मग चिंध्यांची पिशवी त्यांनीच पुढे सरकवली. आत दोन पट्ट्या होत्या. ताज्या रंगाच्या, काळ्या-पांढऱ्या, सुरेख. रेघा आडव्या.

पट्टीपुढे भरलेली नळी धरा नाहीतर रिकामी, आडवी रेघ आडवीच दिसणार. ती उलटून जाईल कुठे?

"तिरक्या होत्या आधी," काका पुटपुटले. "पोपडे धरलेले. डब्यांवरचे पट्टे आडवे आहेत ना, त्यांच्याशी जुळवल्या. पंधरवडा झाला. मला वाटलं नक्षी आहे. अगं, शोभेची नक्षी वाटली मला! त्या पोराचं तोंड बघितलं आणि तू रेघांचं बोललीस तेव्हा..." त्यांनी पट्ट्या तिच्या हातात दिल्या. "माझ्यावर लिही. सगळं माझ्यावर. तुझ्या बाबांचं नावही घेऊ नकोस."

क्षणभर तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. बाबा सुटले होते. मग काकांच्या चेहऱ्याकडे तिचं पुन्हा लक्ष गेलं. कबुली दिल्यावर माणूस मोकळा होतो म्हणतात. यांची नजर मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे होती.

"काका. अजून काय?"

"फिटरच्या लक्षात येईल," ते म्हणाले. "त्याचे डोळे तेज आहेत. येईलच लक्षात."

"काय येईल?"

"काल संध्याकाळी मी धाकटीच्याही रंगवल्या."

तिने फोनकडे धाव घेतली. खालच्या स्टेशनातला कारकून निवांत होता. "धाकटी ना? दहा मिनिटं झाली सुटून. दोन रिकामे डबे जोडलेत. काय जोरात काढलीय फिटरने, म्हणाला थांबायला वेळ नाही."

चढाला पंचवीस मिनिटं लागत. म्हणजे उरली पंधरा.

५

पहिल्यांदा तिने सिग्नलच्या दांड्याकडे हात नेला. सिग्नल लाल केला की गाडी थांबेल. मग हात तसाच थांबला.

सिग्नल माथ्याच्या अलीकडे, स्टेशनच्या बाजूच्या उतारावर होता. तिने मनातल्या मनात अर्धी भरलेली बाटली आडवी धरली. चढावर इंजिनाचं तोंड वर आणि केबिन खाली. पाणी मागे, भट्टीवर गोळा होतं. काच भरलेली दिसते आणि ती खरोखरच भरलेली असते. माथा ओलांडला की तोंड खाली. सगळं पाणी पुढे धावतं, भट्टीचं छत उघडं पडतं, काच रिकामी होते. आणि आडव्या रेघांमुळे ती भरलेलीच दिसत राहते. थोरली नेमकी अशीच मेली होती, माथा ओलांडून सहाशे पावलांच्या आत.

सिग्नल लाल केला तर धाकटी नेमकी मरणाच्या जागी उभी राहील. तिचं बूच जुनं होतं, पुढच्या महिन्यात बदलायचं होतं. वितळलं तर फिटर भाजेल. क्षार साचून वितळलं नाही तर काय होईल याचा तिने विचार केला नाही. फलाटावर बेचाळीस माणसं होती.

गाडी थांबवायची तर चढावरच. माथ्याच्या पलीकडे.

"सगळ्यांना रस्त्यावर न्या!" ती काकांवर ओरडली. "फलाटावर एक माणूस दिसता कामा नये!" कपाटातून तिने धुक्यात रुळावर ठेवायचे, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला थांबवणारे फटाके घेतले, लाल निशाण घेतलं आणि धावत सुटली.

स्लीपर ओले होते. दोनदा ती पडली. धुक्यात आपण किती आलो हेच कळत नव्हतं. माथ्यावरचा दगड हाताला लागला तेव्हा तिला रडू फुटणार होतं. रुळाला कान लावायची गरजच नव्हती, तो थरथरत होता. ती उतरत गेली, दोनशे पावलं, अडीचशे. पहिला फटाका रुळावर बसवला. पुढे जाऊन दुसरा. तिसऱ्याची रुळाला आवळायची पट्टी बोटांनी वाकेना. ती दातांनी वाकवली आणि धुकं काळं होऊन अंगावर आलं.

ती बाजूला कोसळली. धाड. धाड. धाड.

चाकं किंचाळली. धाकटी तिला ओलांडून पुढे गेली, धापा टाकत, आणि माथा दीडशे पावलांवर असताना थांबली.

"अक्कल गहाण ठेवलीस का?" फिटर केबिनमधून ओरडत होता. "चढावर थांबवतात गाडी?"

ती वर चढली. वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने पेन्सिलीने तिरक्या रेघा ओढल्या आणि कागद काचेच्या मागे धरला. रेघा वरपासून खालपर्यंत उलट्या दिसल्या.

"ही बघ, भरलेली आहे काच!" फिटर म्हणाला. "एवढ्यासाठी?"

"इथे भरलेली आहे. पाणी घाल."

"अगं, पण..."

"दादा, पाया पडते. पाणी घाल."

तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. त्याने इंजेक्टर सोडला. दहा मिनिटं पाणी आत जात राहिलं. मग त्याने धाकटीला मुंगीच्या पावलांनी माथ्यावर घेतलं. ती कागद धरून बसली होती. चढ संपला. इंजिनाने मान खाली घातली, आणि काचेतल्या उलट्या रेघा वरून सुलट होत होत खाली आल्या. खाली, आणखी खाली. तळापासून दोन बोटांवर थांबल्या.

दहा मिनिटं पाणी घातल्यानंतरची ती दोन बोटं होती.

फिटरने टोपी काढली. मग मागची पट्टी बोटाने पुसली. "आडव्या? च्यायला, निघताना काहीतरी खटकलं होतं मला. घाईत होतो." आणि मग, हळूच, तिच्याकडे न बघता म्हणाला, "पण मास्तरीण, मी आज पहिल्यांदा बघितल्या. थोरलीवरच्या तर पंधरा दिवस अशाच होत्या. म्हातारा रोज त्यांच्याकडे बघत होता. त्याला नाही खटकलं?"

६

पावणेदोन वाजता दवाखान्यातून फोन आला. फायरमनचे डोळे वाचले होते. गाल भरून यायला वेळ लागणार होता.

तिने जबाब लिहायला घेतला. रंगवलेल्या पट्ट्यांचं सगळं अर्ध्या पानात मावलं. काका सही करून मोकळे झाले होते. तपासनीसांना एवढं पुरलं असतं. पान पलटून पुढे काय, असं कुणी विचारलंही नसतं.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात रेघा उलट्या होत्या."

"हो."

"आडव्या रेघा उलट्या होत नाहीत."

बाहेर उतारू धाकटीच्या डब्यांत चढत होते. त्यांच्या आवाजात आता जीव आला होता.

"मला रेघा दिसतच नाहीत, पोरी," ते म्हणाले. "वर्ष होऊन गेलं. राखाडी पट्टी दिसते. तिरक्या काय, आडव्या काय. पाणी आवाजावरून ओळखतो, हाताच्या अंदाजाने. चाळीस वर्षांत चुकलो नाही. मग म्हटलं, एवढा हंगाम काढू."

"आणि त्या पोराला तुम्ही सांगितलंत, पाणी घालू नकोस."

"मी सांगितलं."

तिला त्यांचा राग आला आणि त्यांना कुशीतही घ्यावंसं वाटलं, आणि यातलं काहीच करता येईना. काकांनी अजाणतेपणी पट्टी आंधळी केली होती. बाबांनी मात्र माहीत असून डोळे लपवले होते. हे लिहिलं तर त्यांचं इंजिन सुटणार होतं, नाव जाणार होतं. नाही लिहिलं तर पुढच्या हंगामात ते पुन्हा केबिनमध्ये चढतील, आणि शेजारी दुसरा कुणी हसरा पोरगा असेल.

बाहेर जीप थांबली. तपासनीस आत आले, ओला कोट झटकत. त्यांनी अर्धं पान वाचलं, भुवया उंचावल्या, पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. "म्हणजे ड्रायव्हरचा काही दोष नाही तर. मी वेगळंच समजत होतो. बरं झालं." त्यांनी कागद बाबांपुढे ठेवला, वर पेन ठेवलं. "इथे सही करा, की मिटलं."

बाबांनी पेन उचललं. कागदावर सहीसाठी एक बारीक रेघ छापलेली होती. पेनाचं टोक तिच्या वर फिरलं, मग खाली, मग काकांच्या सहीवर जाऊन थांबलं. मास्तरणीचा हात टेबलावर होता. बोट नुसतं पुढे केलं असतं तरी पुरे होतं. आयुष्यात बाबांनी तिला शेकडो गोष्टी बोट ठेवून दाखवल्या होत्या.

तिने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि घट्ट धरून ठेवले.

बाहेर धाकटीची वाफ ऐकू येत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, किंवा ती बसली होती त्या दिशेला. मग पेन खाली ठेवलं.

"साहेब," ते म्हणाले, "सही कुठे करायची ते मला दिसत नाही. ते पण लिहा. खालच्या अर्ध्या पानात लिहा, जागा आहे."